बाहेर बसणारे वासुदेवराव

मुलांनो, तुमच्याकडच्या कुणा मंत्र्याने स्वतःच्याच कंपनीला काम दिलं, हे तुम्ही परवा फोनवर केवढ्या आश्चर्याने सांगत होतात. मला आमचे भिलाईचे शेजारी वासुदेवराव आठवले. त्यांना ओळखणारी आता मीच उरले आहे, म्हणून लिहिते.

संध्याकाळी भाजी कोणती करायची हे त्यांच्या बायकोने, कुसुमताईंनी विचारलं, की वासुदेवराव स्टूल उचलून व्हरांड्यात जात. "वांगं मले आवडते. माहा संबंध येऊन राहिला. तू ठरव." गणपतीत गाण्याच्या स्पर्धेचे परीक्षक झाले आणि भाची गायला उभी राहिली, तर हे मांडवाबाहेर. कुसुमताई म्हणायच्या, "लग्न ठरलं तवा काहून नाही बसले बाहेर?"

असा माणूस त्यांच्या पोलाद कारखान्याने भोपाळला एका मंत्र्याच्या कचेरीत कामाला पाठवला. खातं खाणींचं. खाणीतला दगड वाहायचं कंत्राट मागणाऱ्यांत मंत्र्यांच्याच घरची ट्रक कंपनी होती. वासुदेवराव फाइल घेऊन गेले आणि म्हणाले, "साहब, इतनी फाइल के लिए आप बाहर बैठिए. दस्तखत दूसरे मंत्रीजी कर देंगे."

मंत्री हसले. "गाड़ियाँ तो श्रीमतीजी के नाम हैं, भैया."

"तो साहब, खाना किसके घर खाते हैं?"

कंत्राट श्रीमतीजींना मिळालं. वासुदेवराव त्याच आठवड्यात भिलाईला परतले. "वहिनी, त्यानं नुसतं उठाचं होतं," मला म्हणाले. "खुर्ची कोठं पळून जात होती?" पुढे मंत्री बदलले, कंपन्या बदलल्या. उठलेला एकही त्यांना दिसला नाही. पेपर वाचायचे आणि घडी घालून ठेवून द्यायचे.

मग कुसुमताई आजारी पडल्या. दवाखान्यात मी सोबत होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनमध्ये धोका आहे, न करण्यातही आहे; घरच्यांनी ठरवा. वासुदेवराव उठले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

मी चिडून मागे गेले. "भावजी, ही काय भाजी आहे?"

"वहिनी, मले कुसुम पाहिजे. कशीही पाहिजे. असा माणूस बरोबर कसा ठरवन?"

कुसुमताईंनी खाटेवरून ऐकलं. "ऑपरेशन करा," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "आन त्यायले आत बोलवा. इथं त्यायचा संबंध हाय."

ते आत आले आणि कुसुमताईंचा हात धरून बसले. ऑपरेशननंतर कुसुमताई घरी आल्या नाहीत. भाजीचं वासुदेवरावांना आता कुणी विचारत नसे, तरी संध्याकाळी ते स्टूल घेऊन व्हरांड्यात बसत.

ते स्टूल माझ्याकडे आहे. एक पाय डुगडुगतो, पण बसता येतं.