मायचा बिब्बा आन दिव्यानीचे डोळे

कुरखेड्यात सरळ रेष मारनारा मानूस एकच हाय, आन तो म्हनजे मी! दिनेश पेंटर! आता हे मी माह्याच तोंडानं सांगून राह्यलो म्हनून फुशारकी समजू नका. दुसरं कोनी सांगतच नाई, त मी काय करू? शाळेच्या भितीवरचे पाढे माहे, मलेरियाचा भला मोठा मच्छर माहा, ट्रॅक्टरच्या मागचं 'आईचा आशीर्वाद' माहं. फ्लेक्स आले, अर्धे पेंटर घरी बसले, पन माहा हात काई थरथरला नाई. पट्टी नाई लागत, दोरी नाई लागत. श्वास धरला का रेष सरळ!

म्हनून त्या रविवारी मी छाती काढून म्हनलं, "सरका सगळ्या बाजूले! हे काम पेंटरचं होय!"

नसतो बोललो त बरं झालं असतं.

झालं असं, का माही लहान बहीण दिव्यानी, तिचा साखरपुडा होता. पोरगा घुग्घुसचा. राजदीप नाव. कोळशाच्या खानीत डंपर चालोते. स्थळ चांगलं, मानसं चांगली, पोरीले पोरगा पसंत, पोराले पोरगी पसंत. पाहुणे दुपारपर्यंत येनार होते. आन सकाळी पार्लरवाल्या साक्षीचा फोन आला, "मले ताप भरला वो ताई, मी काई उठू शकत नाई."

दिव्यानीनं मोबाईल खाली ठेवला आन भोकाड पसरलं.

"अवो, रडते काऊन?" माही बायको स्वाती म्हने. "साडी मी नेसोतो, केस मी घालतो."

"आन लायनर कोन लावन वहिनी?"

मी ओसरीतून ओरडलो, "लायनर त परवाच बदललं न! आता ब्रेक एकदम टाईट हाय गाडीचा!"

दोघीयनं माह्याकडं असं पाह्यलं, का मी उठून आतच गेलो.

मंग मले समजलं. एक बोटाएवढी बाटली राह्यते. तिच्यात काळं पानी आन झाकनाले केसासारखा बारीक ब्रश. त्यानं पापनीच्या मुळाशी रेष ओढाची आन कोपऱ्यात वर उचलाची. दिव्यानी पंधरा दिवसांपासून शिकून राह्यली होती. रोज एक डोळा हसे आन एक रागावे! स्वातीनं हात लावला, त रेष थेट कानाच्या भेटीले निघाली.

"हट्!" मी म्हनलं. "हे काय काम हाय? बारीक ब्रश, काळा रंग, एक रेष! नंबर प्लेट याहून कठीन राह्यते!"

दिव्यानीनं मले मोबाईलवर शिकोनाऱ्या बाईचा व्हिडिओ दाखोला. ते बाई डोळ्याच्या कोपऱ्याले चिकटपट्टी लावे. माही त कळीच खुलली! मी पिशवीतून माहा टेप काढला, फाडला, दोन्ही बाजूनं चिकटोला आन कामाले लागलो.

"हलू नको. भित हलते काय?"

"भितीले गुदगुल्या नाई होत दादा!"

"बोलूबी नको!"

डावा डोळा झकास झाला. उजवा जरासा जाड झाला. म्हनून डावा जाड केला. मंग उजवा बारीक दिसे, त त्याले अजून एक हात मारला. असं करता करता दोन्ही डोळे बराबर झाले खरे, पन पोरगी जरा दचकल्यासारखी दिसून राह्यली होती. तरी मी टेप ओढला, दोन पावलं मागं सरकलो, एक डोळा मिटून काम पाह्यलं आन म्हनलं, "आता खाली मोबाईल नंबर टाकू काय?"

दिव्यानी आरशात पाहून हसली. खरंच हसली! मले भल्ला आनंद झाला.

तेवढ्यात माही माय, रुखमाबाई, परसातून आली. माह्या हातातली बाटली पाह्यली आन दारातच थबकली.

"दिन्या! माही बिब्ब्याची बाटली तुह्या हातात कायले?"

"बिब्बा? माय, हे लायनर होय."

"कायचं लायनर! रिकामी झाली होती म्हनून मीच त तिच्यात बिब्ब्याचं तेल भरलं! ब्रश बारीक हाय न, टाचेच्या भेगीत बराबर जाते!"



आता बिब्बा काय चीज हाय, हे जंगलाकडच्या मानसाले सांगा लागत नाई, बाकीच्यायसाठी सांगतो. जंगलातलं फळ. त्याचं तेल काळं कुट्ट. धानाच्या चिखलात फाटलेल्या टाचांले लावलं त आराम पडते. धोबी त्यानं कपड्यावर खूण करते, कपडा फाटते पन खूण जात नाई. आन हेच तेल नाजूक चामडीले लागलं, त उतते! फोड येते, तोंड सुजते. आमच्या शेजारचा दसरू एकदा बिब्बे फोडून त्याच हातानं तोंड पुसून बसला, त चार दिवस त्याची बायको त्याले आवाजावरून ओळखे.

आन मी ते माह्या बहिनीच्या डोळ्याले लावलं होतं. एक नाई, चार चार हात!

"दिव्यानी, जळते काय?"

"पहिले नव्हतं जळत," ते रडत म्हने, "आता तुमी इचारलं त जळून राह्यलं!"

"खोबऱ्याचं तेल आना! तीळ वाटा!" माय ओरडली. बिब्ब्यावर हाच उतारा. मायचा आवाज ऐकून आळीतल्या साऱ्या बाया आल्या. कोनी वाटी घेऊन, कोनी बाटली घेऊन, आन जे उठे ते दिव्यानीच्या तोंडाले हात लावे! तेलानं लायनर पसरलं. वरून वाटलेले तीळ. घडीभरात माह्या बहिनीचा तीळगूळ झाला, फक्त गुळाची कमी!

"दवाखान्यात न्या!" स्वाती म्हने. "उतल्यावर काय नेता?"

मी मोटरसायकल काढली. मधात दिव्यानी, मागून तिले घट्ट धरून स्वाती. धूळ जाऊ नये म्हनून डोळ्यावर माहा दुपट्टा बांधला. भर साखरपुड्याची साडी, डोळे बांधलेले, आन पोरगी मोठ्यानं रडून राह्यली. असे आमी बसस्टँडवरून निघालो.

तिथी एक जीप आडवी आली. डायव्हरनं मान बाहेर काढली.

"भाऊ, दिनेश पेंटरचं घर कुठी हाय जी?"

मी पाह्यलं. जीपच्या काचेवर घुग्घुसची धूळ, आत फेटे, फळायच्या टोपल्या. पाहुणे!

आता शहाना मानूस थांबला असता, सांगितलं असतं. मी काय बोललो मालूम? "सरळ जा, डाव्या हाताले निळं दार! बसा, चहा घ्या, आमी आलोच!"

आन गाडी दामटली!

मागून बाईचा आवाज आला, "अरे राजदीप! हे साडी त आपन घेतली होती! हे त आपली नवरी होय!"

"डोळे बांधले तिचे!"

"पळोली! नवरी पळोली! जीप फिरव!"

मी आरशात पाह्यलं. मागं जीप. जीपच्या मागं पानठेल्यावरचे पोट्टे. पोट्ट्यायच्या मागं, कायले पळतो हे मालूम नसलेले बाकीचे सगळे! दिव्यानी मधातून इचारे, "दादा, एवढा गलबला कायचा?"

"बाजार हाय," मी म्हनलं.

दवाखान्यात नवीन डॉक्टर होते. साताऱ्याकडचे. मी धापा टाकत सांगितलं, "डॉक्टरसाहेब, लवकर पाहा, हिच्या डोळ्यावर उतते!"

"उतू जातंय? काय, दूध?"

"दूध नाई हो, बिब्बा!"

"कोण बिब्बा?"

मी सांगतच होतो, तेवढ्यात राजदीप धावत आत आला. मागून त्याची आई, मागून अर्धं कुरखेडा. डॉक्टरनं राजदीपचे डोळे पाह्यले आन मले बाजूले ढकललं.

"याला आधी घ्या! दोन्ही पापण्या काळ्या पडल्यात! सिस्टर, याला झोपवा!"

"साहेब, मी पेशंट नाई, नवरदेव होय!" राजदीप म्हने. "हा कोळसा होय. सुट्टी नाई भेटली, रातपाळी करून सरळ गाडीत बसलो. किती बी साबन लावा, पापनीतून निघत नाई!"

मी पाह्यलं. खरंच, पापनीच्या मुळाशी अशी बारीक, अशी काळीशार रेष, कोपऱ्यात हलकीच वर उचललेली! टेप नाई, व्हिडिओ नाई! त्या घडीले बी माह्यातला पेंटर जळला, खोटं कायले सांगू?

पन राजदीपची आई पुढं आली. तिनं दिव्यानीच्या डोळ्यावरचा दुपट्टा काढला, आन काळ्या तेलात, तिळात माखलेलं ते तोंड पाहून तिचा हात छातीशी गेला.

"मायबाई! पोरीले दिसते काय?"

दिव्यानीनं डोळे गच्च मिटले होते.

"उघडाचं भेव वाटून राह्यलं," ते म्हने. "उघडले आन नाई दिसलं त?"

मले कसंतरीच झालं. ज्या पोरीले मी खांद्यावर बसवून मंडईच्या जत्रेत नेलं, तिचे डोळे मी फुशारकीपायी घालोले. मनात म्हनलं, देवा, माहा हात घे, पन हिचे डोळे ठेव.

राजदीपनं खिशातून कोरा पांढरा रुमाल काढला, साखरपुड्यासाठी घेतलेला. तिच्या समोर बसला आन हळूहळू पुसाले लागला. "रडा खुशाल," म्हने, "पानी बाहेर येऊ द्या."

रुमाल काळा झाला.

"बिब्ब्याचा डाग!" स्वाती ओरडली. "आता काई निघत नाई!"

राजदीप उठला, नळाखाली रुमाल धरला, चोळला. रुमाल पांढरा!

पुन्हा पुसलं. पुन्हा काळा. पुन्हा नळ. पुन्हा पांढरा!

सगळे टकमक पाहून राह्यले. एवढ्यात कोनाच्या तरी गाडीवर माय पोहोचली. तिनं रुमाल हातात घेतला, उलटासुलटा केला.

"बिब्बा असा धुतल्या जाते काय कुठी?" ते म्हने. "हा बिब्बा नोहे."

"मंग तुही बाटली कुठी हाय माय?"

मायनं कमरेच्या चंचीत हात घातला. पान निघालं, सुपारी निघाली, चुन्याची डबी निघाली, आन मंग तशीच दुसरी बोटाएवढी काळी बाटली निघाली. तिनं बाटलीकडं पाह्यलं. आमी मायकडं पाह्यलं.

"बाई वं," माय हळूच म्हने, "सकाळी मीच ठेवली वाटते."

दिव्यानीनं एक डोळा उघडला. मंग दुसरा. समोर राजदीप होता, हातात ओला रुमाल घेऊन.

"दिसतं काय?" त्यानं इचारलं.

"दिसतं," ते म्हने. "तुमच्या मिशीले तीळ लागला."

मी तिथीच पायरीवर बसलो आन ढसाढसा रडलो. लाज नाई वाटली. डॉक्टरनं तिचे डोळे तपासले, पान्यानं धुतले आन सांगितलं, काही झालं नाही, उद्या लाली जाईल. सकाळी खिशात कोंबलेला लायनरचा खोका मी काढून पाह्यला. वर लिहिलं होतं, 'वॉटरप्रूफ'! ज्या दुकानदारानं हा डुप्लिकेट माल विकला, त्याचे पाय धरावे वाटले मले. खरा माल असता त धुतल्या गेला नसता, आन आमी बिब्बाच समजून आतापर्यंत नागपूरच्या दवाखान्याच्या वाटेवर असतो!

पाहुनी मंडळी हसत हसत घरी आली. साखरपुडा दिवेलागनीच्या आधी पार पडला. नवरीचे डोळे लाल, तोंड साबनानं धुतलेलं, केसात तीळ. आन नवरदेव असा सजलेला, का आमच्या आळीतल्या बाया एकमेकीले कोपर मारून इचारत होत्या, याचं पार्लर कोनतं?

जेवताना राजदीपच्या आईनं माह्याकडं पाह्यलं. "पेंटरभाऊ, लग्नात नवरीले कोन सजोनार?"

मी घसा साफ केला. आता चूक त काई माही नव्हती, चूक मायची होती, रेष त माही बराबरच होती, असं सांगाले मी तोंड उघडलं.

"कोनीच नाई!" दिव्यानी पटकन म्हने. "आदल्या राती मी यायच्यासंगं डंपरवर एक पाळी मारून येतो!"

माही बायको त एवढी हसली, का तिले ठसका लागला. मी गुपचूप उठलो आन पंक्तीत जिलबी वाढाले लागलो.