हालतंय काय?

माझे धाकटे दीर बाळाराम भाऊजी कुणाच्या घरी गेले की लगेच बसत नाहीत. खुर्ची पुढे केली की तिची पाठ धरून गदागदा हलवतात, मान वाकडी करून तिच्या पायांकडे बघतात आणि घरच्या बाईला विचारतात, "हालतंय काय?" ती बिचारी काय सांगणार! मग तेच निकाल देतात, "हालतंय," आणि खुशाल जमिनीवर मांडी घालतात. आमच्या किन्हवलीच्या आसपास त्यांनी नापास न केलेली खुर्ची मिळणं कठीण आहे.

माझ्या लग्नात हे गृहस्थ हाफ पँटीत होते. मंगलाष्टकं चाललीत, अंतरपाट धरलाय, आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ मांडवाचा खांब धरून हलवतोय! आंब्याच्या डहाळ्या भटजींच्या डोक्यावर पडल्या. माझे वडील शहापूरचे, कोर्टात कारकून, फार शिस्तीचे. त्यांनी हळूच माझ्या सासऱ्यांना विचारलं, "मुलगा बरा आहे ना?" सासरे म्हणाले, "पोरगा बरा हाय वो, खांबाचं काय खरं नाय." आणि झालंही तसंच. पंगती उठल्या, आणि संध्याकाळी तोच खांब अर्धा मांडव घेऊन आडवा झाला. खाली कुणी नव्हतं म्हणून बरं. त्या दिवसापासून मी या माणसाला हसते आणि मनातून जरा टरकूनही असते.

पुढे भाऊजींनी याच खोडीचा धंदा केला. आमच्याकडचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जातं. दिवाळी झाली की गवताच्या गासड्या ट्रकवर रचतात, ट्रकच्या दुप्पट उंच. त्यांच्यावरून जाड दोर टाकून तो डोंगर आवळायचा, हे भाऊजींचं काम. वर चढायचं, गासडीवर गुडघा रोवायचा, सगळं अंग त्यावर टाकायचं आणि दोर ओढायचा. गासडी खाली बसली की गाठ. मग उतरून ट्रकला धक्के द्यायचे आणि ड्रायव्हरला विचारायचं, "हालतंय काय?" ड्रायव्हर नाय म्हणाला तरी परत एकदा, कारण त्याला निघायची घाई असते. भाऊजींनी बांधलेला ट्रक सरळगावच्या वळणावर कलताना मी एसटीच्या खिडकीतून पाहिलाय. पण वरची एक काडी जागची हलली नाही. मी एसटीतच हात जोडले. शेजारची बाई विचारते, "इथं देऊळ हाय काय गो?"

भाऊजींनी लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं की म्हणायचे, "वयनीच्या हातचं जेवतो, बरा हाय." आमच्या ह्यांची नोकरी भातसानगरला धरणावर, पाळ्यांची. त्यामुळे आमची एकुलती एक वैशाली वाढली ती काकाच्या नजरेखाली. ती तान्ही असताना तिची झोळी आढ्याला बांधली होती. भाऊजी येता-जाता झोळीच्या गाठीला हात लावायचे, स्वतः लोंबकळून बघायचे. पण पोरीला कधी उचलून घ्यायचे नाहीत. "हातावर माजा इस्वास नाय, गाठीवर हाय," म्हणायचे. वैशालीचा पहिला दात हलायला लागला तेव्हा या माणसानं दोन घास कमी खाल्ले, खरं सांगते.

ती शिकली, इंजिनियर झाली, लग्न करून नवऱ्याबरोबर अमेरिकेला निघाली. भाऊजींनी तिच्या बॅगा गवताच्या दोरानं बांधल्या. तिकडे पोचल्यावर पोरीनं शेजाऱ्याकडून करवत आणली, तेव्हा कुठे साड्या बाहेर आल्या. फोनवर ती पोट धरून हसत होती आणि मधेच रडायला लागली. आमच्या भाऊजींना "जपून जा गो" एवढे शब्द तोंडातून काढता येत नाहीत. त्यांना गाठ मारता येते.

आणि मग नात झाली, ईशा. तिला दहावा महिना लागेल तेव्हा घेऊन येते, म्हणाली वैशाली. मी आनंदानं अंगणात नाचायचीच बाकी होते. तेवढ्यात फोनवर पुढचं वाक्य आलं.

"आई, पण गाडीत ती फक्त तिच्या सीटमध्ये बसणार. मांडीवर नाही. ती सीट भाऊकाकाच्या व्हॅनमध्ये नीट बसली, तरच मी तिला गावाला आणीन. नाहीतर डोंबिवलीला सासरीच राहू. तुम्हीच या भेटायला."

मी कडाडलेच. "अगो, तुला मी मांडीवर घेऊन मुरबाडला नेलं, शहापूरला नेलं, तेव्हा कुठं गेली होती तुझी सीट?"

"तेव्हा नशीब होतं आई. ब्रेक लागला की मूल हातात राहत नाही. कुणाच्याच नाही."

मी काही बोलणार तोच फोनमधलं सगळं ऐकत शेजारी बसलेले भाऊजी म्हणाले, "पोर बरोबर बोलते, वयनी." आणि उठून व्हॅन हलवायला गेले.

ती व्हॅन भाऊजींनी जुनी घेतलेली. तिच्यातून ते किन्हवली ते शहापूर, कधी आसनगाव स्टेशनपर्यंत माणसं सोडायचे. वैशालीनं एका ओळखीच्या बाईबरोबर सीट आधीच पाठवून दिली. डोंबिवलीहून खोकं आलं तेव्हा आमच्या ओटीवर अर्धी आळी जमली. जाड गादीची, बादलीसारखी खोलगट खुर्ची, तिला पाच ठिकाणांहून पट्टे. भाऊजी तिच्याभोवती फिरले, उकिडवं बसून पाहिलं, वाकून पाहिलं, पण हात लावला नाही. मी त्यांना देवळात सुद्धा इतकं गप्प पाहिलेलं नाही.

मग त्यांनी ती व्हॅनच्या मागच्या बाकावर ठेवली आणि गवताच्या दोरानं आवळली. आडवा दोर, उभा दोर, तिरका दोर. खुर्ची दिसेना. "हालतंय काय?" कुणाची छाती होती हालतंय म्हणायची! रविवारी वैशालीचा फोन आला. भाऊजींनी छाती फुगवून सांगितलं, तर ती म्हणाली, "काका, दोर चालत नाही. दोर ताणला जातो. गाडीच्या सांगाड्याला बोल्ट केलेला पट्टाच लागतो. आणि तोंड मागच्या बाजूला हवं. ईशा पाठमोरी बसणार."

भाऊजींनी फोन माझ्या हातात दिला आणि परसात निघून गेले. उभ्या जन्मात त्यांच्या दोराला कुणी नाही म्हटलं नव्हतं. संध्याकाळी जेवायला वाढलं तर पानावर नुसते बसून राहिले. मी म्हटलं, "भाऊजी, जाऊ द्या. आपण डोंबिवलीला जाऊ. चार दिवस तिथं बघू पोरीला."

"आन् ती हितं येनार नाय?"

"नाही जमलं तर काय करणार?"

त्यांनी ताट सरकवलं. "हितं येनार, वयनी. आपल्या घरात येनार."

दुसऱ्या दिवशी ते शहापूरच्या गॅरेजात जाऊन बसले. व्हॅनच्या मागच्या बाकाशी पट्ट्याची भोकं कंपनीनं ठेवलेलीच असतात, हे तिथं कळलं. नवे कोरे पट्टे आणले, बोल्ट आवळून घेतले आणि मिस्त्रीला इतक्या वेळा "हालतंय काय?" विचारलं की त्यानं शेवटी, "काका, आता मीच हालतोय," असं सांगून चहाला पळ काढला.

पण पट्टा कितीही ओढला तरी खुर्ची डुगडुगायचीच. पुढच्या रविवारी वैशाली म्हणाली, "काका, सीटमध्ये गुडघा रोवायचा, सगळं वजन टाकून गादी दाबायची, आणि मग पट्टा ओढायचा."

भाऊजींचा चेहरा बघायला हवा होता. "म्हंजे गासडीवानी!" ते ओरडले. "अगो, मंग आदी सांगायचं ना! यवडं गासडीचं काम, आन् मी पोरीचं समजून हलक्या हातानं करत बसलो!"

त्या दिवशी खुर्ची बसली. खाली तिरकस उतार लागत होता, म्हणजे बाळाची मान पुढे पडत नाही. त्यासाठी म्हसा गावच्या जत्रेतून आणलेल्या घोंगडीची वळकटी घातली. भाऊजींनी खुर्ची धरून हिसका दिला. खुर्ची हलली नाही, व्हॅन हलली.

एवढ्यावर थांबतील तर ते भाऊजी कसले! त्यांनी ईशाचं वजन विचारून घेतलं आणि तेवढे तांदूळ पिशवीत भरून खुर्चीत बसवले. पट्टे लावले, मुरबाडच्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला. पिशवी पट्ट्यांखालून सटकली आणि व्हॅनभर तांदूळ. घरी येऊन म्हणाले, "पिशवीला खांदं नायत, वयनी. पोरीला असतात." मग माझ्या जुन्या लुगड्याची बाहुली मला शिवायला लावली. खांदे, दोन पाय, पोटात तांदूळ. मी वैतागून तिला वैशालीचं तान्हेपणीचं टोपडंही घातलं. मला वाटलं, लाजतील. कसले लाजतात! तिला घेऊन रोज हिंडायला लागले. खांद्यावरचा पट्टा चिमटीत येतो का बघायचे, येत असला तर अजून ओढायचे. धसईच्या बाजारात लोक काचेला नाक लावून बघायचे. "कोन हाय रं बाळाराम?" "पावनी हाय." "मागं तोंड करून काय बसवली? पोरीनं रस्ता बघायचा नाय काय?" भाऊजी शांतपणे सांगायचे, "ब्रेक मारला का पाठ टेकते, मान शाबूत ऱ्हाते. रस्ता मोठी झाली का बघंल."

सारा तालुका हसत होता. मीसुद्धा हसले. पण तांदळाच्या बाहुलीला वळणावर हळू नेणारा माणूस बघून मी तिचं टोपडं धुऊन द्यायला लागले.

विमान सकाळचं होतं. आम्ही विमानतळावर पोचलो तर व्याही आधीच हजर, डोंबिवलीहून, थंडगार हवेची चकाचक गाडी घेऊन. आमच्या व्हॅनकडे बघून गोड हसले. "वैशालीला योग्य वाटेल तसं. सीट काय, आमच्या गाडीत पाच मिनिटांत लावता येईल." भाऊजी सदऱ्याच्या टोकानं व्हॅनची काच पुसायला लागले. पुसलेलीच काच पुन्हा पुसली. ट्रकवर उभं राहून कधी न डगमगलेला माणूस तो!

वैशाली बाहेर आली, एकटीच; जावयांना रजा नव्हती. कडेवर ईशा, तिच्या इवल्या डोक्यावर दोन केस. मी तिला घेतलं आणि मला रडूच फुटलं. वैशालीनं मात्र आधी व्हॅनचं दार उघडलं. सीट दोन्ही हातांनी धरली. पाय रोवले. दात-ओठ खाऊन हिसका दिला, पुन्हा दिला, मान वाकडी करून खाली बघितलं, वळकटी चाचपली. मी बघतच राहिले. तो हिसका, ती वाकडी मान, सगळं जसंच्या तसं काकाचं!

वैशाली वळली, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, हालतंय काय?"

भाऊजींनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"नाय हालत," ती म्हणाली. "घरी जाऊया."

व्याह्यांनी बॅगा नेल्या, आम्ही पोरीला नेलं. भाऊजींनी व्हॅन इतकी हळू चालवली की हायवेवर रिक्षावालेही शिव्या देऊन पुढे गेले. ईशा आसनगावपर्यंत झोपली होती, तोंड उघडं टाकून, मान सरळ.

पंधरवडा कसा गेला कळलं नाही. पोरीनं धरण पाहिलं, धसईचा बाजार पाहिला, तिच्या सीटमध्ये बसून ती साऱ्या मुरबाडला ओळखीची झाली. वैशाली रोज म्हणायची, "काका, घ्या ना तिला." भाऊजी हात पाठीमागे घ्यायचे. "सीट हाय ना." शेवटच्या दिवशी विमानतळावर तिनं विचारलंच नाही. ईशाला सरळ त्यांच्या छातीशी टेकवून ती बॅगा उतरवायला गेली. भाऊजी खांबासारखे ताठ उभे राहिले. पोरीनं त्यांचा सदरा मुठीत धरला आणि मान खांद्यावर टाकली. किती वेळ कोण जाणे, ते तसूभर हलले नाहीत. मग वैशालीनं तिला परत घेतलं तेव्हा ती मूठ एक एक बोट करून सोडवावी लागली. "सीट राहू दे इथंच काका," वैशाली म्हणाली. तिनं वाकून नमस्कार केला आणि त्या दोघी काचेच्या दारातून आत गेल्या.

परत निघालो. मी पुढे त्यांच्या शेजारी. मागे रिकाम्या सीटचे पट्टे दर खड्ड्याला वाजत होते, टक टक, टक टक. शहापूरचा फाटा जवळ आला आणि भाऊजींनी व्हॅन कडेला घेतली. खाली उतरले, मागचं दार उघडलं, बाकाखालून टोपडं घातलेली ती तांदळाची बाहुली काढली. सीटमध्ये बसवली. खांद्यावरून पट्टे घेतले, कमरेशी लावले, चिमटीत येईनासे होईपर्यंत ओढले.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "रिकामी असली का वाजते, वयनी. आयकवत नाय."

मी खाली उतरले, मागे गेले. बाहुलीचं टोपडं डोळ्यांवर आलं होतं, ते नीट केलं. सीट दोन्ही हातांनी धरून हलवून बघितली.

"नाय हालत, भाऊजी," मी म्हटलं, "चला."