गोय्कोचा उपास

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी देसांकाबाई गावाहून क्रागुयेवाट्स शहरात लेकीकडे आल्या आणि पहिल्याच सकाळी मटार समजून त्यांनी फ्रीजरमधून गोठलेल्या उंदरांची पिशवी काढली.

जावयाने, म्हणजे ऑग्न्येनने, त्यांना खुर्चीत बसवून पाणी दिलं आणि समजावलं. उंदीर गोय्कोचे. गोय्को म्हणजे कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीतला छोटा अजगर. अगदी गरीब, भ्याला की अंगाचा चेंडू करून डोकं मधे लपवतो, आजवर कुणाला चावलेला नाही. फक्त जेवल्यावर त्याला हलवायचं नाही, नाहीतर खाल्लेलं बाहेर काढतो.

"ईस्टरपर्यंत बघते," देसांकाबाई म्हणाल्या. "मग हा तरी राहील, नाहीतर मी."

यातला पहिला मार्ग ऑग्न्येनला फारसा वाईट वाटला नाही. पण बायकोने, तियानाने, डोळे वटारले आणि गोय्कोने ईस्टरनंतर चाचाक शहरातल्या एका मित्राकडे जायचं ठरलं. कॉलेजपासून सांभाळलेलं जनावर ते. ऑग्न्येनला रात्री घास गोड लागेना.

तेवढ्यात ईस्टरआधीचा सात आठवड्यांचा मोठा उपास सुरू झाला. मांस बंद, दूध बंद, अंडी बंद. पहिल्याच सोमवारी देसांकाबाई बेचव घेवडा गिळत बसल्या होत्या आणि समोर ऑग्न्येन गरम पाण्यात शेकलेला उंदीर चिमट्यात धरून गोय्कोपुढे नाचवत होता. गोय्कोने एकदा जीभ काढली आणि मान फिरवली. या जातीला अशी हुक्की येते. हिवाळा सरताना महिनोन् महिने जेवणाकडे पाहत नाहीत. हे ऑग्न्येनला ठाऊक होतं, सासूबाईंना नव्हतं.

"का रे खात नाही हा?"

"आई, उपास लागला ना आजपासून," ऑग्न्येन बोलून गेला.

आता चमचा डोक्यात बसणार, असं त्याला वाटलं. देसांकाबाईंनी चमचा खाली ठेवला आणि छातीवर क्रूस काढला.

पुढच्या सोमवारीही गोय्कोने तोंड फिरवलं. मग बातमी कॉफीबरोबर खालच्या मजल्यावरच्या ल्युबिंकाबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, आमच्या आजीच्या उंबऱ्याखाली असाच घरराखा साप होता, त्याने घराचं कधी वाईट होऊ दिलं नाही. झालं, अख्ख्या इमारतीतल्या बायका दर्शनाला येऊ लागल्या. औषध म्हणून रोज थोडं चीज खाणाऱ्या ल्युबिंकाबाई पेटीसमोर मान वर करीनात. बाहेरून कबाब खाऊन येणाऱ्या जावयाला तर सासूबाई रोज ऐकवत, "या घरात दोघंच देवाला भितात, आणि त्यातल्या एकाला पाय नाहीत."

ऑग्न्येनची मात्र इकडे आड तिकडे विहीर झाली. गोय्कोने खाल्लं तर उपास मोडला म्हणून घरातून जाणार, नाही खाल्लं तर जगातून. तो डोळ्यांदेखत वाळत चालला होता. ऑग्न्येनने त्याला न्हाणीघरात नेऊन, दाराला कडी लावून, उंदीर पुढे धरून विनवण्या केल्या. गोय्कोने चेंडू केला.

ईस्टरआधीच्या आठवड्यात फादर वुकाशिन घरावर तीर्थ शिंपडायला आले. त्यांच्या मागोमाग ल्युबिंकाबाई आणि अर्धी इमारत आत शिरली. प्रार्थना आटोपली तशी फादरांनी विचारलं, "कुठे आहे तो उपासकरी? जरा बाहेर काढा की."

ऑग्न्येनने झाकण उचललं. गोय्कोच्या पोटाच्या मध्यावर ठसठशीत फुगवटा होता, बरोबर उंदराएवढा.

"हात लावू नकोस त्याला," मागून सासूबाई म्हणाल्या. "आत्ताच जेवलाय. बाहेर काढील सगळं."

ल्युबिंकाबाईंच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू फुटलं.

देसांकाबाईंनी फादरांकडे पाहिलं. "फादर, आजाऱ्याला उपास माफ असतो ना?"

"असतो," फादर म्हणाले.

"मग झालं तर. पोर नुसतं सुकून चाललं होतं. शेवटी मीच उंदीर गरम केला, आत ठेवला, पेटीवर टॉवेल टाकला आणि पाठ फिरवून बसले. मुकाट जेवला. हा माझा जावई चिमट्यात उंदीर धरून त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. असं कुणी बघत बसलं तर माझ्या तरी घशाखाली घास उतरेल का?"

फादरांनी दाढी कुरवाळली, विचार केला आणि पेटीवरही तीर्थ शिंपडलं. गोय्कोने घाबरून डोकं आत खुपसलं.

"नमस्कार केला हो," ल्युबिंकाबाई कुजबुजल्या.

ईस्टरला रिवाजाप्रमाणे लाल रंगवलेली अंडी फोडून झाली. सासूबाईंचा गुडघाही आता झकास चालत होता. ऑग्न्येनने भीतभीत विषय काढला, "आई, गोय्को राहील ना इथे?"

"राहील म्हणजे? जाईल कुठे बिचारा?"

आनंदाच्या भरात ऑग्न्येनने सासूबाईंना मिठी मारली. त्याच भरात माळ्यावरून त्यांची बॅग काढली, पुसली आणि म्हणाला की उद्या मीच गाडीने गावी सोडतो.

देसांकाबाईंनी बॅगेकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग त्याच्याकडे.

"आणि याला जेवायला कोण घालणार, तू?" त्या म्हणाल्या. "ठेव ती परत वर."