टॉलरन्समध्ये न बसणारा कॅमेरा

आमच्या शेजारचे गांगुर्डे काका मिसळ खायला जातानाही खिशात व्हर्नियर ठेवतात. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात सुट्या भागांची जाडी मोजायचं पोलादी माप. एकदा माझ्यादेखत त्यांनी बशीतले दोन्ही पाव मोजले आणि त्यातला एक परत केला. "टॉलरन्समध्ये बसत नाही," एवढंच म्हणाले. टॉलरन्स म्हणजे मापात चालवून घेता येईल एवढा फरक. मालकाने मुकाट्याने बदलून दिला. त्याला सवय होती.

सातपूरच्या एका कारखान्यात काकांनी तीस वर्षं तयार माल तपासला, म्हणजे नाकारला. निवृत्तीनंतर नाकारायला काही उरलं नाही, तेव्हा ते आमच्या सोसायटीकडे वळले. जिन्याच्या पायऱ्या, दुधाची पिशवी, गणपतीच्या मंडपाचे खांब, सगळंच टॉलरन्सच्या बाहेर. तरुणपणी पाहिलेल्या मुलीही म्हणे बसल्या नाहीत. मुलींच्या टॉलरन्समध्ये काका कितपत बसले, ते काका सांगत नाहीत. एकटेच राहतात.

अशा माणसाला कॅमेरा निवडायला सांगायची दुर्बुद्धी मला झाली. माझी मुलगी ऋतुजा फोटोग्राफीच्या कोर्सला आहे. नवा कॅमेरा आमच्या ऐपतीबाहेरचा, म्हणून जुना बघायचा होता. सत्र संपताना तिला स्वतः काढलेले वीस फोटो द्यायचे होते, नाहीतर वर्ष वाया. तोवर मैत्रिणीच्या कॅमेऱ्यावर दिवस काढणं चालू होतं.

पहिल्या शनिवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून तिला एमजी रोडला घेऊन गेले. पहिल्याच दुकानात तिला एक कॅमेरा आवडला. काकांनी भिंग लावून तळाचे स्क्रू पाहिले, लेन्सचा घेर मोजला आणि माल नापास केला. मग दर शनिवारी नवं दुकान. एकाची रिंग ढिली, एकाच्या झाकणावर चरा, एकाचा पट्टा डावीकडे दोन मिलिमीटर लांब. फोटो कसा येतो, हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ते खातं वेगळं, म्हणाले. येताना दोघं मिसळ खाऊन यायची, आणि काका मला नापास मालाची यादी वाचून दाखवायचे. असे सहा शनिवार गेले.

सातव्या आठवड्यात मैत्रिणीने कॅमेरा द्यायला नकार दिला. फोटो द्यायला आठ दिवस उरले होते. ऋतुजा रडायलाच लागली, तेव्हा मी तिला घेऊन तडक त्या पहिल्या दुकानात गेलो आणि तोच कॅमेरा मागितला.

"तो बाजूला ठेवलाय," दुकानदार म्हणाला. "तुमचे काका त्याच संध्याकाळी परत आले होते. पोरीसाठी हाच एक नंबर आहे, दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणाले. दर सोमवारी फोन करून आठवण करतात."

माझं डोकं फिरलं. कॅमेरा घेऊन आम्ही थेट काकांच्या दारात. पोरीचं वर्ष पणाला लावून हा कसला खेळ चालवलाय, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. काकांनी चष्मा काढून पुसला.

"चूक झाली," ते म्हणाले. "कॅमेरा घेतला की शनिवार बंद होणार, सुनील."

दुसऱ्याच्या चुका शोधण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या तोंडून स्वतःची चूक मी पहिल्यांदा ऐकत होतो. आणि लाज मला वाटली. दहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय, पण पोळ्या मोजतील म्हणून मी त्यांना एकदाही जेवायला बोलावलं नव्हतं.

ऋतुजाने कॅमेरा उचलला आणि त्यांचा फोटो काढला. काकांनी भिंग आणून पडद्यावरचा स्वतःचा चेहरा कडेकडेने तपासला.

"बसतो," ते हळूच म्हणाले. हा शब्द मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता.

ऋतुजाने त्यांच्या हातून भिंग घेतलं, फोटोवर धरलं आणि मान हलवली. "रिजेक्ट. शनिवारी परत काढावा लागेल, काका. इस्त्रीचा शर्ट घाला."