व्यंकटरावांची फुकटची चाळणी

आमच्या औशात लोक सकाळी अंगण झाडतात, व्यंकटराव मापाडी कॉम्प्युटर झाडतात. अंघोळ, उदबत्ती, मग नाकावर चष्मा आणि समोर ते फुकट मिळालेलं साफसफाईचं सॉफ्टवेअर. बटण दाबलं की पडद्यावर केराच्या नावांची रांग लागते आणि काका एकेक नाव बोट ठेवून वाचतात. कचऱ्याचं इतकं भक्तिभावानं पारायण करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मी त्यांचा शेजारी, त्यातून शाळेत कॉम्प्युटर शिकवणारा. "काका, ही फुकटची सॉफ्टवेअरं नसलेला आजार सांगतात आणि नको ते पुसतात. काढून टाका," असं सांगून माझं तोंड दुखलं.

"सर, जनम गेला माझा आडतीवर धान्य मापन्यात. माल चाळल्याबिगर कळत न्हाई. माती हाय म्हंजे हायच."

हा न्याय ते सगळ्यांना लावायचे. लेकीसाठी देगलूरचं स्थळ बघायला गेले, तर चहा संपायच्या आत नवरदेवाच्या तोंडावर निकाल, "पोरगं बरं हाय, माती कमी हाय." फक्त बायकोला, सुमनकाकूंना, त्यांनी कधी चाळणी लावली नाही.

काकू पंचमीनंतर गेल्या. लेक सासरी, घरात काका आणि कॉम्प्युटर एवढेच उरले.

काकूंचे फोटो त्या कॉम्प्युटरमध्येच होते. काकांनी मोबाईलवर एका बैठकीत धडाधड काढलेले आणि मग कॉम्प्युटरमध्ये उतरवलेले. काकू उघड्या डोक्यानं शेंगा सोलताहेत, मोबाईल दिसताच दचकल्यात, खळखळून हसताहेत, पदर ओढताहेत आणि शेवटी डोईवर पदर घेऊन कीर्तनाला बसल्यासारख्या गंभीर झाल्यात. पुढं मोबाईल पार बिघडला आणि भंगारात गेला. मग एका सकाळी सॉफ्टवेअरनं विचारलं, सारखेच फोटो सापडले, चांगला तेवढा ठेवू का? काकांनी रोजच्यासारखं हो केलं. त्यानं तो गंभीर तेवढा ठेवला, बाकीचे पुसले.

हे काकांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. "त्याला सारखे दिसले, सर. एकात हसून राहिली व्हती ती."

तेव्हा मला त्या पारायणाचा उलगडा झाला. आडतीवर चाळणीतून पडलेलं खाली तिथंच असतं, वाकून उचलता येतं. म्हणून काका रोज सॉफ्टवेअर चालवून केरात काकूंचा तो हसरा फोटो धुंडाळत होते.

मी कॉम्प्युटर घेऊन त्यांना लातूरला दुरुस्तीवाल्याकडं न्यायचं ठरवलं. काकांनी तो सोलापुरी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट लागंल. काका भडकले. "सामान न्हाई ते, घरचं मानूस हाय!" सगळी बस हसली, मीही हसलो.

दुरुस्तीवाल्यानं तासभर खटपट केली आणि मान हलवली. "पुसलेला फोटो लगेच जात न्हाई, काका, मोकळ्या जागेत पडून ऱ्हातो. त्याच दिवशी मशीन बंद ठिवलं असतं तर निघाला असता. पण हे सॉफ्टवेअर मोकळी जागासुदिक घासून काढतंय. तुमी ते रोज चालवलं."

"म्हंजे हुडकून हुडकून मीच..." काका कॉम्प्युटर पुन्हा चादरीत गुंडाळू लागले. मला त्यांच्याकडं बघवेना. परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं सामानाचं काही विचारलं नाही.

घरी आल्यावर मी कॉम्प्युटर जोडून दिला. लगेच पडद्यावर आलं, आजची सफाई बाकी आहे. काकांनी ते वाचलं आणि वायर उपसून ठेवली. मग मला खाटेवर बसवलं.

"सर, तुमी बघितलंय नव्हं तिला हसताना?"

"हो की. किती तरी वेळा."

"मंग सांगा मला, कशी हसायची. तिला आठवाया गेलो की तो गंभीर फोटोच पुढं येऊन राहिलाय."

मी सुचेल तसं सांगू लागलो. आधी तोंडावर हात जायचा, म्हटलं. मग खांदे हलायचे. मग डोळ्यांतून पाणी यायचं आणि त्या तुम्हालाच रागवायच्या.

काकांनी डोळे मिटून घेतले होते.

"हाव, तशीच," ते म्हणाले. "मला काय म्हनून रागवायची?"