मागे वळून पाहायचं नाही

"माझी मुलगी चर्चला जाईल ती माझ्याच गाडीतून!" व्लास्तिमिरने जाहीर केलं, तेव्हा सगळी आळी ऐकत होती. ऐकवायचं होतं ते खरं तर मेहुण्याला. रादिसाव जर्मनीत कारखान्यात नोकरीला होता आणि भाचीच्या लग्नाला अर्ध्या आळीएवढी लांब पांढरी गाडी घेऊन आला होता.

व्लास्तिमिरची लाल गाडी बावीस वर्षांची. एवढीशी, इंजिन मागे, आणि पत्रा असा गंजलेला की पुसताना फडकं आरपार जाई. पण तान्ही स्लाविका प्रसूतिगृहातून घरी आली ती याच गाडीतून, तेव्हा सासरच्या वाटेलाही ती यातूनच लागणार, असं त्याने तेव्हापासून मनाशी धरलं होतं. मग काय, भोकं वर्तमानपत्र कोंबून आणि प्लास्टर थापून बुजवली, वरून रंग मारला. गाडी अशी चमकायला लागली की आपण काय केलंय याचा त्याला स्वतःलाच विसर पडला.

लग्नाच्या सकाळी त्याच्या ऐंशी वर्षांच्या येव्हरोसिमा आत्याने सूत्रं हातात घेतली. माहेराहून निघालेल्या नवरीने मागे वळून पाहायचं नाही, हे सर्बियात पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण आत्याच्या मते नवरीच्या गाडीतला आरसासुद्धा चालायचा नाही.

"आरशात पाहिलं म्हणजे मागेच पाहिलं की रे!" असं म्हणत तिने आरशाला भरतकामाचा टॉवेल गुंडाळला. शकुनाचं पाणी गाडीमागे ओतायचं असतं. आत्याला धड दिसत नव्हतं, तिने अख्खी बादली गाडीवरच रिकामी केली. प्लास्टरने ते पाणी निमूटपणे पिऊन टाकलं.

पहिल्याच वळणावर मागचा बंपर फुलांसकट गळून पडला. मागून रादिसावने हॉर्न वाजवला. आता लग्नाच्या वरातीत हॉर्न वाजायचेच! मेहुणा एकदाचा नरमला, असं वाटून व्लास्तिमिर खूश झाला आणि त्यानेही दणकून वाजवून उत्तर दिलं. नंबरप्लेट पडली, पुन्हा हॉर्न. चाकावरची एक थाळी गडगडत गाडीच्या पुढे निघून गेली, ती त्याला दुसऱ्याच कुणाची तरी वाटली. पुलावर वरातीसाठी उभे असलेले ट्रंपेटवाले वाजवायचं सोडून हातवारे करायला लागले, तेव्हा त्याने काच खाली करून राजासारखा हात हलवला. शेजारी बसलेली स्लाविका गप्प होती. लेक माहेर सोडताना गप्पच असायची, म्हणून तोही काही बोलला नाही.

चर्चसमोर तो ऐटीत उतरला, वळसा घालून तिच्या बाजूला गेला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर दार उघडलं. दार हातात आलं.

आत स्लाविका दोन्ही पाय वर उचलून बसली होती. खाली पत्रा नव्हता, सरळ रस्ताच दिसत होता. मागून रादिसाव काखेत बंपर घेऊन आला आणि अदबीने म्हणाला, "दाजी, बाकीची माझ्या डिकीत आहे."

व्लास्तिमिरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे कधी झालं गं?" त्याने लेकीला विचारलं.

"पुलावर."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही मला मामाच्या गाडीत बसवलं असतं, बाबा."

व्लास्तिमिरचे डोळे भरून आले. लेकीला घट्ट मिठी मारावी असं त्याला फार वाटलं, पण त्या गर्दीत दार खाली ठेवायला कुणी जागाच देईना.