पावट्याच्या वेलीची रहिवासी नोंद

सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावर, नरसिंहराव देसाई यांच्या बाल्कनीतली पावट्याची वेल ग्रिल धरून वर चढली आणि पाचव्या मजल्याच्या बाल्कनीत शिरली. वेलीच्या दृष्टीने हा दहा फुटांचा प्रवास होता. सोसायटीच्या दृष्टीने तो विनापरवाना प्रवेश होता.

वेल कस्तुरीने, म्हणजे नरसिंहरावांच्या बायकोने लावली होती, रंगाच्या रिकाम्या बादलीत. बी तिच्या खानापूरच्या माहेरचं. ते घर विकलं, मागचं परसू गेलं, आणि हे वाण उरलं ते या बादलीपुरतं. वेल वर चढू लागली आणि कस्तुरी गेली. त्याला आता चार महिने झाले. शेंगा धरल्या होत्या, पण कोवळ्या. बी हवं तर त्या वेलीवरच वाळायला हव्यात, म्हणजे अजून महिना तरी. नरसिंहरावांना जगाकडून तेवढा एक महिना हवा होता.

पाचव्या मजल्यावर प्रियदर्शनी राहायची. पुण्याची, आयटीतली, शिवाय सोसायटीची सेक्रेटरी.

"काका, पर्सनली मला काहीच प्रॉब्लेम नाही," ती दारात उभी राहून म्हणाली. "उलट काल मी शेंगांची भाजी केली. मस्त झाली. पण पॉलिसी आहे ना."

"किती तोडल्यास?"

"वाटीभरच. मुद्दा तो नाही, काका. बाहेरून येणाऱ्याची गेटच्या ॲपवर एंट्री लागते."

"ती बाहेरून नाही आली. खालून आली."

"माझ्या फ्लॅटला खालचं म्हणजे बाहेरचंच."

वेलीची पाहुणी म्हणून नोंद झाली. 'येण्याचे कारण' या रकान्यात नरसिंहरावांनी 'वाढणे' असं लिहिलं. पंधरा दिवसांनी ॲप लाल झालं. पंधरा दिवसांवर राहिलेला पाहुणा हा रहिवासी ठरतो, आणि नोंद नसलेला रहिवासी काढून टाकावा लागतो. रविवारी सकाळी माळी कात्री घेऊन येईल, असं कळवण्यात आलं.

नरसिंहराव मॅनेजरकडे गेले. मॅनेजर जयतीर्थ निपाणीकडचा, त्यामुळे या कन्नड शहरातही त्याच्याशी मराठीत बोलता यायचं.

"जयतीर्थ, स्वल्प मदत कर रे. तिला रहिवासी करून टाक."

"केलं असतं की, अण्णा. पण एक बेडरूमच्या फ्लॅटला दोनच नावं चढतात. तुमचं आणि अक्कांचं."

"अक्का गेली रे. खांदा द्यायला तू होतास की."

"मला ठाऊक आहे, अण्णा. सिस्टिमला ठाऊक नाही. नाव काढायचं तर ओटीपी अक्कांच्या फोनवर जाणार, आणि तो अक्कांनीच सांगायचा."

"मग काढू नकोस," नरसिंहराव म्हणाले.

"नाही काढत. त्याच नावावर वेल घालतो. फोटो द्या."

फोटो दोनदा नाकारला गेला, कारण मागे हिरवं दिसत होतं. तिसऱ्यांदा नरसिंहरावांनी वेलीमागे पांढरी चादर धरली. फोटो मंजूर झाला. व्यवसायाच्या रकान्यात आधीचंच 'गृहिणी' राहिलं.

पण लगेच हरकत निघाली. मूळ चौथ्या मजल्यावर आणि शेंगा पाचव्यावर. एका रहिवाशाने दोन फ्लॅटमध्ये कसं राहावं? प्रकरण त्याच रविवारच्या वार्षिक सभेपुढे गेलं.

दोनशे चाळीस फ्लॅटची सोसायटी. गणपूर्तीला पंधरा माणसं लागत. जमली चौदा, त्यातली दोन एसीसाठी आलेली. सभा गेली तीन वर्षं याच आकड्यावर तहकूब होत आली होती.

जयतीर्थने ॲप पाहिलं. "मॅडम, कस्तुरी देसाई. सोसायटीच्या आवारात आहेत. बाहेर गेल्याची नोंद नाही."

"म्हणजे हजर," प्रियदर्शनी म्हणाली. तिला ब्रंचला जायचं होतं.

पहिला विषय अध्यक्षांची निवड. एकाचा व्हिसा आला होता, एकाची पाठ धरली होती, नरसिंहरावांनी गुडघे पुढे केले. अशा रीतीने चौदा जणांनी नकार दिला. पंधराव्या सदस्याने दिला नाही. निवड बिनविरोध झाली. टाळ्याही झाल्या.

दुसरा विषय वेल छाटण्याचा. जयतीर्थने नियम वाचून दाखवला: अध्यक्षांवर कारवाई करायची तर अध्यक्षांची लेखी परवानगी हवी. विषय स्थगित झाला. माळी चहा पिऊन गेला.

नरसिंहराव घरी आले आणि बाल्कनीत उभे राहिले. "अभिनंदन," ते वेलीला म्हणाले. "घरात तू होतीसच. आता अधिकृत झालं."

शेंगा वेलीवर वाळल्या, बी धरलं गेलं. सोसायटीत कुणाला काही वेगळं वाटलं नाही. लोक 'आदरणीय मॅडम' म्हणून तक्रारी पाठवतात, उत्तर येत नाही, पण ते आधीही येत नसे. नवा नियम मात्र एकही निघालेला नाही, म्हणून कारभार चांगला चालला आहे असं सर्वांचं मत आहे.

तुम्हाला हसू आलं असेल. तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेला तुम्ही गेला होतात का? नाही ना? मग एकदा आपल्या अध्यक्षांना समक्ष भेटून या. जाताना तांब्याभर पाणी असू द्या.